तेविसावं कबूतर

क्रीडास्पर्धेच्या रक्षणार्थ शहराचं समस्त आकाश बंद करण्यात आलं होतं. परवानगीच्या खिडकीशी रांगेत माझ्यापुढे एक कबूतरवाले आणि त्यांची वहिनी उभी होती.

“साहेब, शर्यतीची कबुतरं पहाटेच सोडलीत. आता घरी परततील.”

“घर कुठंय?”

“आमच्या गच्चीवर. तुम्ही क्षेपणास्त्र बसवलंत ना, त्याला लागूनच.”

“मग रडार त्यांना शत्रूच समजणार. अर्ज भरा. चालकाचं नाव?”

“चालक नसतो हो. कबूतरच असतं.”

“रकाना रिकामा चालत नाही.”

“भावजी, माझं घाला. दाणे मीच टाकते.”

“वहिनी, उद्या तुम्हालाच पाडतील.”

“पाडू देत. तेवढाच स्वयंपाक चुकेल.”

“बाई, परतीचा मार्ग लिहा.”

“आल्यावर त्यांनाच विचारून लिहिते.”

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

“बोला. काय? क्षेपणास्त्रावर बावीस कबुतरं बसलीत? आणि रडारला? एकही दिसलं नाही?”

साहेबांनी फोन ठेवून अर्ज परत केला.

“घ्या, तुमचं काम झालं. आली सगळी.”

“सगळी कशी? मी तेवीस सोडली होती.”

“मग आता?”

“आता वरच्यांना सांगा, रडार राहू दे. मान वर करून बघत राहा म्हणावं.”