धरायला कुणी लागत नाही अशी शिडी

नको गं, ती नको घेऊस — उंच आहे म्हणून आवडली ना तुला? ऑफिससाठी म्हटलं की सगळे उंचच उचलतात. पण तुमच्या ऑफिसात चढायचं कशाला असतं, सांग बरं — कपाटावरचे खोके काढायला आणि एसीची जाळी पुसायला. त्याला ही छोटी घडीची शिडी पुष्कळ झाली. आणि आत्तापर्यंत कशावर चढत होतात तुम्ही लोक? चाकाच्या खुर्चीवर? प्रणिता! कमाल आहे तुमची. एवढे शिकलेले इंजिनिअर, आणि चाकाच्या खुर्चीवर उभे राहता? काकांना सांगू नकोस हं, बाहेरच बसलेत ते, तुझं ऑफिस बंद करून येतील. विम्यात जन्म गेला ना त्यांचा, अपघाताचे दावे तपासण्यात — कोण कुठून पडलं, कसं पडलं, खाली कोण होतं. आमच्या घरात तर नियमच होता, एकानं चढायचं आणि दुसऱ्यानं धरायचं. न धरता कुणी स्टुलावर पाय ठेवला की घर डोक्यावर घ्यायचे. निनादला विचार ना, तुझा वर्गमित्रच तो — साधा बल्ब बदलायचा असला तरी शाळेतून आलेल्या पोराला दप्तर ठेवून आधी स्टूल धरायला उभं करायचे.

थांब हं — बसलेत ना ते? मला ह्या शिड्यांमधून दिसत नाहीये. निळा शर्ट. हां, बसलेत. दुकानवाल्या भैयांनी खुर्ची दिली बिचाऱ्यांनी. ऊन आलंय पायावर, पण आत्ता नको उठवायला.

तर काय सांगत होते — हां, शिडी. शिडी अशी उघडायची आणि दोन्ही हातांनी हलवून बघायची. जरा डुलली की ठेवून द्यायची परत, कितीही गुळगुळीत असू दे. पायाला रबर हवं, आणि ते नखानं उचकटता येता कामा नये — इथं जयपुरात घरोघरी मार्बल, रबर गेलं की घसरलीच म्हणून समज. पायरीवर अख्खं पाऊल मावलं पाहिजे. आणि हा वर दांडा आलाय ना, पकडायला, तो तर मला हवाच. मघाशी भैया म्हणतो कसा, ‘माताजी, बिना डंडे वाली ले लो, हल्की है, अंकल पकड़ लेंगे.’ मी म्हटलं, अंकल नहीं पकड़ेंगे. धरायला कुणी लागत नाही अशी द्या. तो बघतच राहिला माझ्याकडे. बघू दे.

हे होय? काही नाही गं, मनगट जरा दुखावलंय. बाथरूममध्ये घसरले, पाडव्याला. निनादला माहीत आहे — सांगितलंय मी त्याला. सूज उतरली बरीच, आता रात्रीचं तेवढं ठणकतं. वरून पडताना आधी हातच टेकतो ना माणूस —

काय? वरून म्हटलं का मी? छे. बाथरूममध्ये वरून कुठून पडणार.

कुणाला लिहितेस? ऑफिसला? बरं. नाही, मला वाटलं निनादला. तो विचारत असतो ना तुला आमच्याबद्दल — असतो गं, मला काय कळत नाही? ‘प्रणिता, जरा डोकावून ये, आईबाबा कसे आहेत बघ.’ चांगला आहे तो, मतलब, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्यानं मनाशी ठरवून टाकलंय, आता घरात कुणी पडलं, काही झालं, की जयपूर बंद. बनी पार्कातलं घर विकायचं आणि पुण्याला यायचं. मला त्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली, आणि बाबांसाठी कुठलंसं केंद्र बघून ठेवलंय, दिवसभर ठेवून घेतात म्हणे — हो, बाबांसाठीच. नाही, त्यांना काही झालेलं नाही! तू पण अशी बघू नकोस. वय झालं की विसरतं माणूस. मी नाही विसरत? इथं त्यांच्या पायांना रस्ते पाठ आहेत गं, सकाळी दूध घेऊन पाय आपले आपण घरी येतात. पुण्यात ते पाय कुठं नेतील त्यांना? आणि त्या केंद्रात छातीवर नावाची पट्टी लावून बसवतील. ह्यांना. ज्यांच्यासमोर भलेभले सर्व्हेअर चळाचळा कापायचे.

बसलेत ना? बघ जरा. बरं.

सांगते. पण इथंच राहिलं पाहिजे हे — शपथ घे. नको, शपथ नको, नुसतं ऐक. पाडव्याला आम्ही गुढी बाल्कनीत उभारतो. आणि इथली माकडं तुला माहीतच आहेत, एका वर्षी तांब्या आणि साडी दोन्ही घेऊन समोरच्या गच्चीवर जाऊन बसलं होतं एक. खालून सगळी कॉलनी बघतेय, आणि माझी पैठणी माकडाच्या गळ्यात! तेव्हापासून ह्यांनी पद्धत काढली, गुढीचा शेंडा तारेनं छताच्या हुकाला आवळून टाकायचा. मी स्टुलावर चढून तार आवळणार, हे खाली धरणार. दर वर्षी असंच. यंदाही मी वर चढले, दोन्ही हात तारेत गुंतलेले, आणि बोलतेय आपली — निनादनं पाठवलेल्या साखरेच्या गाठी कुरिअरमध्ये फुटल्या, त्याला सांगू नका, असं काहीबाही — आणि हे खालून हं, हं करतायत. मग हं थांबलं. मला वाटलं, ऐकतायत. मी हात लांब केला आणि स्टूल गेलं. आतल्या बाजूला पडले म्हणून तुझ्यासमोर उभी आहे. आवाज केवढा झाला, आणि हे धावत आले — कुठून? तर स्वयंपाकघरातून. हातात चहाचा कप. आणि ओरडले गं माझ्यावर, ‘अलका, एकटी कशाला चढलीस? मला हाक मारता येत नाही?’ खरंखुरं रागावले होते, चहा सांडत होता सगळा. त्यांना माहीतच नव्हतं मी वर होते ते. धरता धरता सोडून चहा करायला गेले, आणि मी वर आहे हे विसरून गेले. मी काय म्हणणार? म्हटलं, चुकलं माझं, पुन्हा नाही चढणार एकटी.

रडत नाहीये मी. ही धूळ आहे दुकानात.

माणूस बोलवा म्हणतेस — बोलावला होता. वायरमन आला, तर हे म्हणाले चोर आहे, कॉलरच धरली त्याची. तेव्हापासून तो आमच्या गल्लीतसुद्धा फिरकत नाही. आणि कूलरला लावायची वाळ्याची खस माळ्यावर पडलीय, उन्हाळा डोक्यावर आलाय, ह्यांना उकाडा झाला की आणखीच भिरभिरल्यासारखं होतं. म्हणून म्हटलं, एक चांगली शिडी घेऊन टाकावी. शिडी मिळाली की झालं गं, बाकीचं मी बघते. आत्तापर्यंत बघतेच आहे ना? पुण्याबिण्याला जायची काही गरज नाही. निनादला तू एवढंच लिही, दोघं मजेत आहेत, दुकानात भेटले होते.

ही पिशवी धर माझी. चढून बघते. अगं, शिडीला हात नको लावूस! बाजूला हो, तेच तर बघायचंय. हं. एक पाय — दुसरा. बघ, हलत नाहीये. दांडा पण घट्ट आहे. आता हात सोडते, बघ — काही नाही, मुळीच हलत नाही. हीच घ्यायची. भैया, यही वाली पॅक कर देना! आणि इथून बाहेरचं दिसतंय सगळं, ई-रिक्षा, समोरचा रसवाला, ह्यांची खुर्ची —

प्रणिता, खुर्ची रिकामी आहे. कुठं गेले हे? तू बघत होतीस ना? बघ ना बाहेर, पळ — आणि शिडी कोण धरतंय? सांगितलं ना तुला, धरू नकोस —

अहो! तुम्ही होय. कधी आलात आत? घाबरवलंत ना मला. सोडा, हिला धरायला नाही लागत. सोडा म्हणते ना, उतरते मी. काय? हिंदीत काय बोलताय माझ्याशी? ‘बहनजी’ काय! गंमत करतायत, प्रणिता, असंच करतात हे कधीकधी. अहो, पुरे आता. काय म्हणालात?

‘घर से कोई साथ नहीं आया?’

आया है. साथ आया है. बाहर बैठे हैं — आ जाएंगे अभी. आप पकड़िए तब तक. हां, ऐसे ही.

प्रणिता, पिशवी तिथंच ठेव. आणि तो फोन आत टाक. निनादला मी करीन. मी करीन म्हटलं ना — सगळं सांगीन. तू जा आता. उभी काय राहिलीस? जा.