खांबातलं घड्याळ

घड्याळात सेल टाकून घ्यायला मी दुकानात थांबलो होतो. माझ्यापुढे काउंटरवर मायलेकी होत्या.

"आई, हे बघ. स्टीलची साखळी किती उठून दिसते!"

"साखळी नको. तुझे बाबा गवंडी आहेत, नवरदेव नाहीत."

"वाढदिवसाला तरी जरा झकपक घेऊ या की."

"भाऊ, रबरी पट्ट्याचं दाखवा. बक्कल घट्ट हवं. आणि टिकटिक करणारं."

"हे घ्या ताई, स्वस्त आणि दणकट. आपटलं तरी काही होत नाही. पण टिकटिक कशाला? हल्ली कोण ऐकतं?"

"आमच्या घरात ऐकतात."

"काका, बाबांचं आधीचं घड्याळ वाचनालयाच्या खांबात आहे."

"खांबात?"

"खांबात काँक्रीट ओतताना यांच्या मनगटावरची साखळी सुटली, नि घड्याळ सरळ आत गेलं."

"मग काढलं नाही?"

"वरून घमेली पडतच होती. एका घड्याळासाठी काम कोण थांबवणार?"

"अजून त्या खांबाला कान लावतात, काका. भर वाचनालयात, सगळ्यांसमोर! म्हणतात, चालतंय गं अजून."

"हसतेस काय? माझ्या पहिल्या पगारातून घेतलं होतं मी ते."

"अगंबाई! हे कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"मग तू लावलास का कधी कान?"

"मला सोडतात होय! हाताला धरून नेलं होतं."

"आणि? आलं ऐकू?"

"त्यांना तर मी हो म्हणाले."