पंख्यावरचं नाव

सूर्य तेज देतो, मेघ पाणी देतो, धरणी धान्य देते — आणि कोणी पावती मागत नाही! मंडळी, केवढं हे दातृत्व! आणि आपण? देवापुढे नारळ फोडतो, अन् पुजाऱ्यानं अर्धी वाटी परत दिली का, हे मान वाकडी करून बघतो. हसू नका, कीर्तनाला उभं राहिलं की मला इथून सगळं दिसतं.

म्हणून आजचा प्रश्न. घरातलं देणारा माणूस अंगातलं द्यायला का कचरतो? सुईला भितो? छे! ऐका!

वाकुर्ली गावात केरबा मगदूम म्हणून एक गृहस्थ. वय अठ्ठावन्न, प्रकृती खणखणीत, स्वभाव संशयी. देवळाला त्यानं पंखा दिला. तिन्ही पात्यांवर तांबड्या रंगात नाव — 'केरबा', 'मगदूम', 'यांजकडून'. आणि पंखा लावू देईना! का? फिरला की नाव वाचता येत नाही! गाव घामानं निथळतंय, पण नाव वाचतंय.

अशा गावात रक्तदानाचं शिबिर आलं. केरबा खाटेवर आडवा झाला, बाही सारली, आणि नर्सला म्हणाला, "बाई, पिशवीवर नाव मोठं घाला. मातोश्रींच्या स्मरणार्थ."

"आबा, पिशवीवर नाव नसतं. नंबर आणि गट, बस्स."

केरबा ताडकन उठला! "नाव नाही? म्हणजे आत काहीतरी काळंबेरं आहे! माझं रक्त खालच्या आळीच्या तातोबाला चढवलंत तर?"

चहा प्याला, बिस्किट खाल्लं — आणि घरी!

पुढं चार महिन्यांनी सून सरिता तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. सरिताचे ओठ कागदासारखे पांढरे! मुलगा ट्रक घेऊन परराज्यात. नर्स तीच. एका हातात पिशवी, एका हातात कागद. "आबा, सही करा. लवकर!"

केरबानं पिशवी उजेडात धरली. उलटी केली. सुलटी केली. "कुणाचं आहे?"

"माहीत नाही."

"ज्यानं नाव लपवलं, तो माणूस सरळ कसा असेल?"

मंडळी, खाटेवर सून विझत चाललीय, आणि हा नाव शोधतोय! तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला —

"मामंजी... नावाचं बारशाला बघू. सही करा."

केरबानं पिशवी नर्सच्या हातात दिली. सही झाली. थेंब थेंब पिशवी उतरली, दुसरी लागली. दुपारपर्यंत सरिताच्या ओठांवर रंग आला, आणि ती चहा मागू लागली.

केरबा बाहेर बाकावर येऊन बसला. समोरून झाडूवाला गेला. ह्याचं असेल? चहावाला आला. का ह्याचं? जन्मभर माणसांवर चोरीचा संशय घेतला, आता चांगुलपणाचा संशय यायला लागला! दिसेल त्याला हात जोडतोय! गुडघा दाखवायला तातोबा आला होता. अकरा वर्षं बोलणं नाही. केरबानं त्यालाही चहा दिला. तातोबानं कपाचा वास घेतला. "काय घातलंयस ह्यात?"

"साखर," केरबा म्हणाला. "तू रक्त दिलंयस का रे कधी?"

"दिलंय की. तुला काय करायचंय?"

केरबानं कप खाली ठेवला. उठला, रक्तपेढीत गेला, बाही सारली. गावी परतल्यावर सगळ्यात आधी देवळात शिरला आणि पंख्याचं बटण दाबलं.

मंडळी, उद्या सकाळी शिबिर आहे. याच सभामंडपात. कुणाला उद्याच चक्कर येणार आहे, कुणाचा उद्याच उपास आहे, मला सगळं ठाऊक आहे. बुवा देणार का, असं कुजबुजताय ना? माझं वय उलटलंय. संशय नको, डॉक्टरांचा कागद खिशात आहे.

तर तुम्ही उद्या या. आणि एक बारीकशी विनंती — माझ्या डोक्यावरचा हा पंखा ज्यांनी दिलाय, ते पहिल्या रांगेत बसलेत. दोन तास त्यांचं नाव आम्ही सगळ्यांनी वाचलं. पाठ झालं. आता तेवढा लावा.