हँडल मी मारीन

(पोंभुर्ण्याजवळचं एक गाव, १९५५. आंगणात जुनी मोटार, बॉनेट उघडं. लटारू ड्रायव्हर ओट्यावर बसलेला, उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला. त्याची बायको कमळा इंजिनावर वाकलेली.)

लटारू : नाई, अजून घास. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर काळं हाय.

कमळा : घासलं ना इतकं. चमकून राह्यलं.

लटारू : चमक नको पाहू, सपाट झालं का ते पाह्य. टेंगूळ राह्यलं का ठिणगी कमजोर पडते.

कमळा : झालं सपाट. बोट फिरवून पाह्यलं.

लटारू : आता बोटाचं तेल पूस. मंग पॉइंट पुरे उघडले का काडीपेटीचा तुकडा मधात घाल. ढिल्ला नको, घट्ट नको. अडकत-अडकत निंघाला पाह्यजे.

कमळा : निंघाला. आता स्क्रू आवळते. आन् आयका, तुमचे मोठे भाऊ येऊन राह्यले. बैलजोडी हाय संगं, खांद्यावर दोर हाय.

लटारू : येऊ दे. तू तुहं काम कर.

गुणवंतराव : लटारू, मोटारीतलं सामान काढून घे. मूल गावच्या राइस मिलवाल्या शेठले मी जबान देऊन बसलो. इंजिन त्याले मिलवर लावायचं हाय. बैल लावून नेतो.

लटारू : मले इचारलं नाई, भाऊ.

गुणवंतराव : तुले काय इचारायचं? तुहा हात पाह्य. वैदू काय बोलला, मी होतो ना तिथी. मूठ वळणार नाई म्हणला. आता स्टेरिंग काय दातानं धरशीन?

कमळा : त्याईले सांगा, मोटार मी चालवीन.

गुणवंतराव : काय म्हणते ते?

लटारू : आयकलं ना तुमी.

गुणवंतराव : आयकलं. म्हणूनच इचारून राह्यलो. बायकोनं मोटार चालवायची आन् तू काय बाजूला बसून पान खाशीन?

कमळा : त्याईले सांगा, मी जंगलच्या रस्त्यानं चालवली हाय. केमाऱ्याच्या उतारावरून चालवली. याईनंच शिकवलं. लायसन चांद्याले जाऊन काढीन.

गुणवंतराव : चांद्याचा साहेब हासन तिले.

कमळा : हासू द्या म्हणा. हासत-हासत तोच लायसन देईन.

लटारू : भाऊ, सरकारनं मालगुजारी काढली, माहे मालक नागपूरले गेले, तवा ही मोटार त्याईनं मले देल्ली. जंगलातल्या बायका चारोळी घेऊन, डिंक घेऊन बाजारले पायी जात होत्या. सकाळी निंघाल्या का दुपारी मूलले पोचत. आता माह्या मोटारीत बसतात. त्याईतली बुधरी काल येऊन पुसून गेली, मोटार कधी निंघते म्हणून.

गुणवंतराव : बुधरीले पाय हायत. लटारू, मी तुहा दुश्मन नाई. तू हँडल मारलं, ते उलटं आलं, तुहं मनगट मोडलं. रातभर तू कन्हत होता, मी भिंतीच्या तिकडून आयकत होतो. ते यंत्र मले घरात नको. बस.

लटारू : यंत्राचा काय दोष? डिस्ट्रिब्युटरचा नट ढिल्ला झाला, खड्ड्याखड्ड्यांनी. डबडं जाग्यावरून फिरलं. ठिणगी वेळेच्या आधी पडली, इंजिन उलटं फिरलं, तं हँडल उलटं येईनच ना. तेच बरोबर करून राह्यलो आमी.

गुणवंतराव : आन् नाई झालं बरोबर तं? उद्या हिचा हात. मंग दोघं बसा ओट्यावर, भरवीन कोण तुमाले? हट बाई बाजूला, मले दोर बांधू दे.

कमळा : त्याईले सांगा, दोर बांधू नका.

गुणवंतराव : बांधतो मी.

कमळा : सांगा त्याईले.

लटारू : भाऊ, थांबा.

गुणवंतराव : नाई थांबत.

कमळा : भासरेबुवा, दोर सोडा.

गुणवंतराव : ...काय?

कमळा : दोर सोडा म्हटलं. या घरात आली तवापासून तुमच्याशी कधी तोंडातोंडी बोलली नाई. आज बोलून राह्यली. मोटार याईची हाय. याईनं नाई म्हटलं तं नाई.

गुणवंतराव : लटारू, आयकून राह्यला ना तू?

लटारू : आयकून राह्यलो. ते बरोबर बोलून राह्यली.

कमळा : टायमिंग लावून होऊ द्या. मंग हँडल मी मारीन. सुरू नाई झाली तं तुमचे बैल, तुमचा दोर. मी तोंड नाई उघडणार. सुरू झाली तं बैल गोठ्यात न्या.

गुणवंतराव : आन् हात मोडला तं?

कमळा : मोडला तं माहा मोडन.

गुणवंतराव : ...लावा मंग. मी इथीच बसतो. कुठी जात नाई.

लटारू : बसा. कमळे, पहिला प्लग काढ. भोकावर अंगठा दाब आन् दुसऱ्या हातानं हँडल हळू फिरव.

कमळा : हवा अंगठ्याले ढकलून राह्यली.

लटारू : हळू, आता हळू. पुलीवरची निशाणी पाह्य, खुणेजवळ आली का?

कमळा : आली.

लटारू : खुणेवर थांब. आता बिडीबंडलाचा पातळ कागद घे, पॉइंटच्या मधात धर. डबडं अलगद फिरव. कागद सुटला का तिथीच थांब. ठिणगी पडायची जागा तेच.

कमळा : धरून हाय... धरून हाय... सुटला.

लटारू : हँडल मारायसाठी केसभर मांगं ठेव त्याले. डबड्यातला रोटर फिरते त्या बाजूले. उशिरा पडली तं चालन, आधी नको.

कमळा : ठेवलं. नट आवळू?

लटारू : आवळ. यावेळी चांगला आवळ. प्लग लाव, डबड्याची टोपी लाव, वायरी जिथच्या तिथी.

गुणवंतराव : लटारू, तुह्या कपाळावर घाम आला.

लटारू : तुमच्याबी आला, भाऊ. कमळे, गेअर न्यूट्रल पाह्य. चाबी फिरवून ठेव. अंगठा बोटाच्याच बाजूनं ठेव, मूठ करून पकडू नको. खालून वर ओढ. वरून खाली दाबायचं नाई, काही झालं तरी नाई.

कमळा : सांगितलं तुमी.

लटारू : अजून सांगतो.

कमळा : भासरेबुवा, थोडे मांगं सरका.

गुणवंतराव : ...नाई झाली सुरू.

लटारू : एका झटक्यात मालकाच्या हातीबी नाई झाली कधी. मार अजून.

गुणवंतराव : ते खोकून बंद पडली. पुरे आता बाई, तुहं मनगट पाह्य, लाल झालं.

कमळा : झटका नाई देल्ला तिनं. उलटी नाई आली. पाह्यलं ना तुमी?

लटारू : पाह्यलं. पेट्रोल चढून राह्यलं तिले. दम घे आन् मार.

कमळा : दम नंतर घेईन.

लटारू : हां. हां, हां. सोड हँडल, काढून घे. अक्सिलेटर दाब थोडं.

गुणवंतराव : बैल. अरे बैल पळाले.

लटारू : जाऊ द्या, गोठ्यातच जातीन ते. कमळे, आवाज आयक. एकसारखा हाय. एकबी ठोका चुकून नाई राह्यला.

कमळा : भासरेबुवा, दोर राह्यला तुमचा, चाकाच्या अक्सलवर.

गुणवंतराव : सोडतो मी. तू तिथीच बस... शेठले काय सांगू आता?

कमळा : सांगा, इंजिन कामावर हाय.

गुणवंतराव : लोकं बोलतीन, लटारू. माह्या तोंडावर बोलतीन.

लटारू : बोलतीन. तुमी काय सांगसान?

गुणवंतराव : पाहू. पुढच्या नाल्यात रेती लय हाय, तिले सांग. हळू घे म्हणा.

लटारू : तिलेच सांगा ना, समोर तं बसली हाय.

गुणवंतराव : ...नाल्यात रेती हाय, बाई.

कमळा : हळूच घेईन. चला हो, बुधरीच्या गावापर्यंत जाऊन येऊ, उद्या निंघतो म्हणून सांगू.

लटारू : चल. मी कुठी बसू?

कमळा : इकडून या. दार मी उघडते.