पैदाशीचा बोकड

रामकिशन : नाही मावशी, नुसती ही दोन नकोत. मला तो पाहिजे. तो शिंगांचा, लिंबाला बांधलेला.

सिंधूबाई : तो? माझ्या रागिणीच्या हळदीच्या जेवणाला? व्याही, वसमतला बंगला बांधला तवा अक्कल गावाकडंच ठिवून गेले का तुमी? तो पैदाशीचा हाय. ह्या सगळ्या पिल्लांचा बाप. त्याचं मटण वास मारंल, पातेली घासून बायांचे हात जातील. ही दोन न्या. दीड वर्साची हायेत, खच्ची केलेली. असं कवळं मटण उभ्या हिंगोलीत भेटायचं न्हाई. माझं नाव सांगून वाढा.

रामकिशन : चवीसाठी नको हो. खायला ही दोन आहेतच. मला त्याची शिंगं पाहिजेत, मुंडक्यासकट.

सिंधूबाई : मुंडक्याचं काय करता?

रामकिशन : भुसा भरून दिवाणखान्यात लावणार. लग्नाला माझे हैदराबादचे दोस्त येणार आहेत. त्यातले एक साहेब आफ्रिकेत जाऊन शिकार करून आले, रीतसर पैसे भरून. त्यांच्या भिंतीवर अशी एकेक मुंडकी आहेत! आपल्याकडं हरणाला हात लावला की जेल. बोकडाला कोण विचारतो? हळदीच्या सकाळी माझ्या मळ्यात सोडायचा. परवान्याची बंदूक आहे. पहिली गोळी नवरदेवाची, आमच्या प्रभूची. मग नवरा-नवरीचा फोटो, पुढं बोकड.

रागिणी : माझा फोटो?

रामकिशन : तुझाच, पोरी. बंदूक तुझ्या हातात देऊ.

सिंधूबाई : रागिणी, तू चहा ठिवत होती ना?

रागिणी : ठिवलाय. मी हितंच थांबते, आजी.

सिंधूबाई : थांब. रामकिशनराव, हा पळंल का तुमच्या बंदुकीपुढं?

रामकिशन : पळेल की. जनावर आहे.

सिंधूबाई : न्हाई पळायचा. म्या बाटलीनं दूध पाजलंय त्याला. माणूस दिसलं की खिसा हुंगाया येतो. नवरदेव नेम धरून उभा, आन् हे येडं ज्वारी मागाया त्याच्याकडंच चाललं. असला फोटो पायजे का?

रामकिशन : कुत्रे सोडू ना मागं. डफडं वाजवू.

सिंधूबाई : म्हंजी आधी त्याला माणसाचं भेव शिकवायचं, मंग मारायचं.

रामकिशन : मावशी, राग मानू नका. आजवर किती बोकडं विकली तुम्ही?

सिंधूबाई : लई.

रामकिशन : कापायलाच ना?

सिंधूबाई : कापायलाच. ववाळायला कोण नेतं? म्या काई माळकरीण न्हाई. रस्सा लागतो मला, नळी फोडून खाते. दात हायेत अजून.

रामकिशन : मग? सुरीपेक्षा गोळी बरी. एका झटक्यात काम तमाम, त्याला तकलीफ कमी. तुमचं ते पुण्य आणि आमचं पाप, हे कसं काय?

सिंधूबाई : मरण तुमचं सोपं असंल. त्यात म्या भांडत न्हाई.

रामकिशन : झालं तर!

सिंधूबाई : कुठं झालं? तुमचे वडील आठवतात का, जळबा?

रामकिशन : बाबांना कशाला मध्ये आणता?

सिंधूबाई : आमच्या मालकासंगं बारा वर्सं मेंढरं चारली त्यांनी. देवाचं असू का जावळाचं, बोकड त्यांच्याच हातानं कापायचे. आधी पाणी पाजायचे, लेकरांना लांब हाकलायचे. सुरी धुवून होईस्तोर तोंडातून शबुद काढायचे न्हाईत. मधी कुणी दात काढले तर त्याच्या ताटात वाटा पडायचा न्हाई. आन् त्यांचं पोरगं डफडं वाजवाया निघालं!

रामकिशन : ते दिवस गेले. बाबांकडं होतं काय मिरवायला?

सिंधूबाई : तोंड सांभाळा! जळबाचं मेंढरू बाजारात दुरून वळखू यायचं. मिरवाया मला बी आवडतं, व्याही, तुमच्याहून ढीगभर जास्त. हा बोकड वितभर होता, आई मेलती त्याची. म्या उभा केला. आता बाळापूरपासून लोक शेळ्या घेऊन येतात त्याच्यासाठी. खाणारा कवळं बघतो, पोटापुरतं नेतो, कळप ऱ्हातो. तुमी सगळ्यात देखणा बघून तोच उचलता. आन् भिंतीला लावून म्हणणार, आमी पाडला. बांधून वाढवलेल्याला पाडाया काय लागतं हो?

रामकिशन : म्हणजे देणार नाही.

सिंधूबाई : न्हाई.

रामकिशन : पत्रिका वाटून झाल्यात, मावशी. दोस्तांना मी शब्द दिलाय. एका बोकडापायी सोयरीक तुटावी असं वाटतं का तुम्हाला?

सिंधूबाई : मला काय वाटतं? ह्या पोरीची हळद बघायची म्हणून दिस मोजून राहिले म्या. तरी न्हाई.

रामकिशन : मग मुंजाजीला बाजारातून येऊ द्या. मुलीचा बाप तो आहे, त्याच्याशी बोलतो.

रागिणी : मामंजी, बाबाला नका इचारू. मला इचारा.

रामकिशन : तू मोठ्यांच्या मध्ये पडू नको.

रागिणी : फोटोत तर मीच हाय ना? मेलेल्या जनावरामागं हसत मी उभी ऱ्हाणार न्हाई. बाकी तुमच्या घरचं सगळं करीन. मटण असं शिजवीन की तुमचे हैदराबादवाले ताट सोडायचे न्हाईत.

रामकिशन : आणि मी ऐकलं नाही तर?

रागिणी : तर तुमी मोडा. शिरडच्या बाजारात कुणी इचारलं, काहून मोडलं, तर खरं तेच सांगीन. मामंजींना पाळलेल्या बोकडाची शिकार करायची होती, आमी दिला न्हाई.

रामकिशन : असं सांगशील?

रागिणी : खोटं कशाला सांगू?

सिंधूबाई : माझीच नात हाय, व्याही. पारखून घेतली तुमी.

रामकिशन : (लिंबाकडं बघत) माझं म्हणणं मला अजून बराबर वाटतं, बरं का.

सिंधूबाई : वाटू द्या. ते सोडा म्हणत न्हाई म्या, बोकड तेवढा सोडा.

रामकिशन : ही दोन... कवळी हायेत म्हणता?

सिंधूबाई : पाठीवर हात फिरवून बघा.

रामकिशन : पण त्या बंदूकवाल्या दोस्तांना आता म्या काय सांगू?

सिंधूबाई : सांगा, जेवाया या. आन् रिकाम्या हातानं या म्हणावं, काई आणू नका.