निम्मा खड्डा

रस्ते विभागाच्या रांगेत माझ्यापुढे एक काकू होत्या. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करताच विचारलं,

"रस्ता कुठला? राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग की ग्रामीण?"

"अहो, आमच्या दारासमोरचा."

"असा प्रकार आमच्या यादीत नाही, काकू."

"आमची गल्ली मोठ्या रस्त्याला लागते ना, तिथे खड्डा पडलाय. आंघोळीला बसावं एवढा!"

"मोठा रस्ता राज्याचा, म्हणजे खिडकी दोन. गल्ली गावाची, खिडकी चार. खड्डा कुणाच्या हद्दीत येतो?"

"निम्मा इकडे, निम्मा तिकडे."

"मग दोन अर्ज करा. प्रत्येकात अर्धा खड्डा दाखवा."

"आणि एकाने बुजवला, दुसऱ्याने नाही, तर?"

"तर निम्मं काम झालं म्हणायचं."

"अहो साहेब, आमचे हे पडले त्यात. पाय मोडून घरी बसलेत. तो पाय कुठल्या खिडकीवर सांगू?"

"ते बघावं लागेल. पडताना त्यांचं तोंड कुठल्या बाजूला होतं?"

"तुमच्या ऑफिसच्या. याच खड्ड्याचा अर्ज घेऊन निघाले होते."