डिस्कची खंडेनवमी

शहापुरातल्या किशनच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सौम्या झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन उभी होती. रांगेत तिच्या पुढं साड्या विणणाऱ्या अंबूबाई.

"आक्का, हार्डडिस्क चालू असतानाच वायर उपटलासा?" किशननं विचारलं.

"खंडेनवमी हुती रं. मागाची पूजा करायची, आन् तिची नको? समदी डिझाइनं तिच्यात."

"मग कॉम्प्युटरनं फॉरमॅट करू का विचारल्यावर व्हय म्हणालासा?"

"न्हाय. कळंना, म्हणून गप बसले."

"त्यानंच वाचलं. तीनशे डिझाइनं परत मिळाली. पण नावं गेली, नुसते आकडे राहिलेत."

"दाव. ही साडी थोरल्या सुनेच्या लग्नातली. ही जाऊबाईनं भांडून घेतलेली. ही…"

"आक्का, तीनशे हायत."

"मग लिहून घे की."

मागं सौम्यानं हळूच स्टूल ओढलं आणि बाळाला घेऊन खाली बसली.